मोठीमाय आणि मरणाची बैठक

विम्याच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले, पण आजवर मी कोणाच्या घरी 'मरण' हा शब्द काढलेला नाही. आमच्या धंद्यात कोणी मरत नसतं. 'उद्या, देव न करो, काही बरं-वाईट झालं तर...' एवढं म्हणायचं, आवाज जरा खाली आणायचा, भिंतीवरच्या तसबिरीकडे एकदा बघायचं आणि चहाचा कप उचलायचा. बाकीचं समोरचा समजून घेतो. सिहोऱ्याच्या आसपासच्या गावांत माझं हे वाक्य इतकं पाठ आहे, की माझी मोटारसायकल वळणावर दिसली की पोरं लांबूनच 'देव न करो!' म्हणून ओरडतात. मीही हात हलवतो. धंद्यात लाज धरून चालत नाही.

या वाक्याला मधेच कात्री लावणारी एकच बाई मला भेटली. सगळं गाव तिला मोठीमाय म्हणायचं. आमच्याकडे थोरल्या काकूला मोठीमाय म्हणतात. ही नेमकी कोणाची सख्खी मोठीमाय होती ते मला कधी कळलं नाही, पण सरपंचापासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत झाडून सगळे तिचे पुतणे होते. मी पहिल्यांदा तिच्या ओसरीवर बसलो, वाक्य सुरू केलं आणि 'बरं-वाईट'पाशी आलो, तशी ती म्हणाली, "थांब गा. बरं-वाईट म्हंजे काय?"

"म्हणजे... तसं काही झालं तर..."

"तसं काही म्हंजे कसं काही?"

मी सवयीनं तसबिरीकडे पाहिलं. तसबिरीच्या मागे खर्ऱ्याची पुडी खोचलेली होती.

"मी मेली त, असं सरळ म्हन न. तोंडाले फोड येते का?"

पॉलिसी तिनं घेतली नाही. "पैसे येतीन तवा मीच नसीन, हा कोनता सौदा?" म्हणाली. वर मला चहा पाजला, परसातले दोन दुधी भोपळे पिशवीत घातले आणि त्या दिवसापासून मला 'इमाभाऊ' करून टाकलं. माझं खरं नाव तिनं कधी विचारलं नाही.

अंगानं ती उंच, हाडापेरानं रुंद. सत्तरी ओलांडली होती तरी धानाचं पोतं उचलताना कोणाला हाक मारायची नाही. आवाज असा की ओसरीवरून बोलली तर तलावावर कपडे धुणाऱ्या बाया उत्तर द्यायच्या. खर्ऱ्याचं तिला भारी वेड. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ती तळहातावर घोटत बसायची, आणि घोटता घोटता जे बोलायची ते समोरच्याच्या चांगलंच अंगावर यायचं. तुमसरच्या डॉक्टरांनी एकदा तिला बजावलं, की हे सोडा, नाहीतर मराल. तिनं विचारलं, "साहेब, तुमी खर्रा खाता का?" डॉक्टर म्हणाले, छे. "मंग तुमी मरनार नाही का?" डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला.

'ते आता आपल्यात राहिले नाहीत' असं कोणी म्हटलं की ती हमखास विचारायची, "मंग कोनात राहाले गेले?" सोनाराची सासू 'देवाघरी गेली' तेव्हा, "देवाघरी जाते ते दर्शन घेऊन वापस येते. ही मेली," म्हणाली, आणि सोनाराच्या बायकोच्या गळ्यात पडून सगळ्यांत जास्त रडलीही तीच. रडण्यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. लपवालपवीचा मात्र तिला मनापासून राग यायचा.

आमच्याकडे माणूस मेलं की दुसऱ्या दिवशी चौकात त्याचा फोटो असलेला बॅनर लागतो. मोठीमायनं आपला फोटो आधीच काढून ठेवला होता. सिहोऱ्याच्या स्टुडिओत मीच तिला घेऊन गेलो होतो. फोटोवाला सारखा म्हणत होता, "काकू, बॅनरसाठी आहे ना, मग जरा गंभीर व्हा." ती म्हणाली, "पोट्ट्या, मेल्यावर मी गंभीरच राहीन. आता हासू दे." त्या फोटोत तिचे खर्ऱ्यानं लाल झालेले सगळे दात दिसतात.

हे सगळं ऐकून कोणाला वाटेल, बाई जन्मतःच अशी. तशी ती नव्हती. तिचा नवरा तुकाराम मरेपर्यंत तीही 'बरं-वाईट'च म्हणत असणार.

तुकारामजींना नागपूरला मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. मुलगा प्रशांत पुण्याला कंपनीत. तो सुट्टी टाकून आला, धावपळ केली, कशात कसूर ठेवली नाही. शेवटच्या आठवड्यात तुकारामजींच्या घशात नळी होती, त्यामुळे बोलता येत नव्हतं. ते बोट उचलून एका बाजूला दाखवायचे. नर्सला वाटलं पंखा हवा, तिनं पंखा लावला. ते परत बोट दाखवायचे. पंखा मोठा केला. काचेतून मोठीमाय बघत होती. तिला कळलं होतं की नवरा दार दाखवतोय, घरी ने म्हणतोय. तिनं प्रशांतला सांगायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "आई, डॉक्टरांना कळतं. तू काही अभद्र बोलू नको." ती गप्प बसली. तुकारामजी तिथंच मेले, पंख्याखाली.

हे तिनं मला एकदाच सांगितलं, खर्रा न घोटता. मग म्हणाली, "इमाभाऊ, मले तसं नाही मराचं. माह्या घरी, माह्या बाजीवर, बांधीकडचं दार उघडं ठेवून मराचं हाये. पन हे मी सांगू कोनाले? फोनवर सुरू केलं का पोट्टा फोन ठेवते. दिवाळीले आला का उठून बाहेर जाते. त्याले ऐकाचंच नाही. मंग माह्यासंगंही तसंच होईन."

बाज म्हणजे तिची खाट आणि बांधी म्हणजे पाणी साठवायला बांध घातलेला धानाचा वाफा. तिच्या घराच्या मागच्या दारातून तिची पाचही वाफ्यांची जमीन दिसायची. एवढंच तिला हवं होतं, आणि ते ज्याच्या हातात होतं तो एक माणूस सोडून ती सगळ्या गावाशी त्यावर बोलायला तयार होती. म्हणून तिनं बैठक काढली. "त्याले नाही ऐकाचं न, मंग मी गावाले ऐकवतो. गावाचं ऐकून तरी त्याच्या कानावर जाईन," असा तिचा हिशेब.

बैठकीची दवंडी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून द्यायची ठरली. सरपंच म्हणाला, "मोठीमाय, भोंग्यावर 'मरण' कसं म्हनू? लोक समजतीन कोनीतरी मेलं, लाकडं घेऊन येतीन." त्यानं आपल्या अकलेनं पुकारलं, 'ज्येष्ठ नागरिकांसाठी आरोग्यविषयक मार्गदर्शन, समाजमंदिरात.' झालं. समाजमंदिर गच्च भरलं. कोणी जुन्या चिठ्ठ्या घेऊन आलं, कोणी मोडलेला चष्मा. एक जण साखर तपासायची म्हणून सकाळपासून उपाशी होता. मोठीमाय उभी राहिली आणि म्हणाली, "गोळ्या नाही, सुया नाही. आपुन सारेजन मरनार हावो, त्याच्यावर बोलाले बसलो हावो." अर्धे पुरुष तिथल्या तिथे उठले. उपाशी आलेला माणूस तर फार रागावला. उरले ते चहा यायचा होता म्हणून उरले.

उरलेल्यांना तिनं गोल बसवलं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. कोणी घसा खाकरला, कोणी छताकडे पाहिलं. एका आजीनं विषय काढला तो सुनेचा. चहा आला, पिऊन झाला, आणि लोक 'चला, छान झालं' म्हणून पांगले. मोठीमाय त्या दिवशी चांगलीच खट्टू झाली. मी समजूत घालायला गेलो, म्हटलं, लोकांना सवय नाही. ती म्हणाली, "सवय कशी नाही? रोवनीत साऱ्या बाया हेच बोलते."

रोवणी म्हणजे आमच्याकडची धानाची लावणी. चिखलात बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात, हातात रोपांची जुडी घेतात आणि एक एक रोप खोचत उलट्या पावलांनी मागे सरकतात. दिवसभर मान खाली, कोणाचं तोंड कोणाला दिसत नाही. तिथं बाया काय वाटेल ते बोलतात. कोणाचं पोर पोटात गेलं, कोणाला रात्री काय भीती वाटते, सगळं त्या चिखलापाशी बोलून होतं. मोठीमायच्या ध्यानात आलं की चूक गोल बसण्यात झाली होती. "तोंड पाहून हे बोलता येत नाही गा. हात रिकामे ठेवून तर नाहीच नाही," ती म्हणाली.

पुढची बैठक तिनं उन्हाळ्यात तलावाच्या पाळीवर घेतली. सगळ्यांना एका रांगेत, पाण्याकडे तोंड करून बसवलं. प्रत्येकापुढे चिंचांचा ढीग टाकला आणि हातात मोगरी दिली. चिंच ठोकायची, चिंचोका काढायचा, आणि वाटलं तर बोलायचं. पहिला थोडा वेळ नुसतीच ठकठक. मग गिरणीवाला समोर तलावाकडे बघत म्हणाला, की त्याला जाळण्याची भीती वाटते, लहानपणी हात भाजला होता. कोणी हसलं नाही. शेजारची म्हणाली, मला जाळण्याचं काही नाही, मला एकटीनं मरायची भीती वाटते. आणि मग रांगच्या रांग बोलायला लागली. ज्याचं बोलणं अवघड, त्याची मोगरी जोरात. त्या वर्षी तिच्या झाडाच्या सगळ्या चिंचा फुकटात फोडून झाल्या. मी तिला हे म्हणून दाखवलं, तर डोळा बारीक करून म्हणाली, "मरन कायले फुकट पाहिजे लोकाइले?"

मीही एका कडेला बसायचो. सुरुवातीला गिऱ्हाइकं मिळतील म्हणून, खोटं कशाला बोलू. पण तिथं पॉलिसीचं नाव काढायची मला कधी हिंमत झाली नाही.

त्या रांगेत शांतारामबुवा नावाचे एक म्हातारे होते, दंडारीचे फार शौकीन. दिवाळीनंतर आमच्या गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी, जावई, व्याही सगळे जमतात आणि दुपारी गावच्या चौकात दंडार होते, नाच आणि सोंगं. बुवांची पुढची खुर्ची ठरलेली. ते चिंच ठोकता ठोकता म्हणाले, "मले मरनाचं भेव नाही. पन मंडईच्या दिवशी मेलो त दंडार बंद होईन अन सारं गाव मले शिव्या देईन." सगळे हसले. बुवा हसले नाहीत. "तसं झालंच त दंडार थांबवू नका. माही खुर्ची तेवढी रिकामी ठेवा."

आणि म्हातारा नेमका मंडईच्या पहाटे मेला. घरोघर पाहुणे उतरलेले, दंडारवाले टेम्पोतून उतरून चहा पीत उभे, आणि मंडळी तोंड पाडून बसलेली. मोठीमाय तिथं जाऊन उभी राहिली. "त्यानं साऱ्याइसमोर सांगलं होतं. तलावाच्या पाळीवर जे जे होते त्यानं हात वर करा." हात वर झाले. बुवांच्या मुलाचाही झाला. सकाळी बुवांना जाळून आले, आणि दुपारी दंडार सुरू झाली. पुढच्या खुर्चीवर बुवांचा दुपट्टा घडी करून ठेवला होता.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे उशिरा आले. तालुक्याचे कोणी पुढारी. पुढची खुर्ची रिकामी बघून त्यांनी दुपट्टा बाजूला केला आणि टेकले. आम्ही सगळे मोठीमायकडे बघायला लागलो. तिनं घाई केली नाही. साहेबांना हार घालू दिला, नारळ देऊ दिला, ते नीट पाय पसरून बसले तशी कानापाशी वाकून म्हणाली, "बसा साहेब, आरामात बसा. ज्याची खुर्ची हाये त्याले सकाळीच जाळून आले." पुढाऱ्यांनी उरलेली दंडार उभ्यानं पाहिली, आणि पुढच्या निवडणुकीत त्या गावात सभा घेतली नाही म्हणतात.

बैठकीची कीर्ती अशी पसरत होती. आजूबाजूच्या गावच्या बायासुद्धा आपापल्या चिंचा घेऊन यायला लागल्या. पण मोठीमायचं मूळ काम तिथंच अडलेलं. प्रशांतच्या कानावर बैठकीचं गेलं, तर तो फोनवर चिडला. लोक हसतात म्हणाला. मोठीमाय मला म्हणाली, "इमाभाऊ, साऱ्या गावाचं मरन ऐकून झालं. माह्या मरनाले मात्र कान भेटून नाही राहिला." असं बोलताना ती कधी नव्हे ते थकलेली दिसली. मला फार वाईट वाटलं.

मग रोवणीच्या दिवसांत तिनं डाव टाकला. प्रशांतला फोन केला, "बाया भेटून नाही राहिल्या, पऱ्हे पिवळे पडून राहिले, एक दिवस ये." पऱ्हे म्हणजे लावणीची रोपं. ती पिवळी पडली की सगळं पीक हातचं जातं, हे शेतकऱ्याच्या मुलाला पुण्यात गेला तरी कळतं. तो निघाला. आणि तो गाडीत बसल्याची खात्री झाल्यावर तिनं मला गावभर पिटाळलं, "साऱ्या बायाइले सांगून ये, उद्या माह्या बांधीत कोनी याचं नाही." बायांना कारण सांगावं लागलं नाही. एकीनं तर विचारलं, "पोट्ट्याले वाकवाचं हाये ना?"

तुमसर रोडच्या स्टेशनवरून प्रशांतला मीच आणला. वाटेत मागे बसून तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही आईला समजवा. ती सारखं मरणाचंच बोलते. तिचा फोन आला की मी आधी खोलीबाहेर जातो, मग उचलतो." माणूस वाईट नव्हता. मी त्याला 'हो, हो' म्हटलं आणि गाडी सरळ बांधीवर नेली.

मोठीमाय गुडघाभर चिखलात उभी होती. "पँट वर कर अन उतर."

"आई, मी? रोवणी?"

"मंग काय इमाभाऊ करीन? त्याच्यानं वाकनं होत नाही."

रोवणी हे आमच्याकडे बायांचं काम. रस्त्यानं जाणारे दोघं-तिघं थांबून बघायला लागले. एकानं विचारलंही, "काय गा प्रशांत, पुन्याची नोकरी सुटली का?" तो तांबडालाल झाला, पण उतरला. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्री घेऊन बसलो. बघे पांगले. मायलेक शेजारी शेजारी वाकून मागे सरकायला लागले. मला दोघांच्या पाठी दिसत होत्या, एक सराईत हलणारी आणि एक अवघडलेली.

बराच वेळ ती नुसतं कामाचं बोलत होती. अंगठ्यानं दाब, खोल खोचू नको, माह्याकडे पाहू नको, मान खाली ठेव. मग त्याच आवाजात तिनं विचारलं, "तुह्या बाबानं दवाखान्यात बोट दाखवलं होतं, आठवते?"

प्रशांतचा हात थांबला.

"हात थांबवू नको. रोव. काय दाखवत होते?"

"पंखा," तो म्हणाला.

"पंखा नाही रे."

चिखलात रोप खोचल्याचा बारीक आवाज येत राहिला. मला वाटलं आता हा उठून जाणार. तो वर न बघता बोलला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला घरच्या बोलीत बोलताना ऐकलं.

"मले तवाच समजलं होतं, माय. दार दाखवत होते. पन मी म्हनलं, घरी नेलं अन मेले, त माह्या हातानं मेले असं होईन. मले ते झेपलं नसतं. नर्स पंखा म्हनली, म्हनून मीही पंखाच म्हनलो."

मोठीमायची पाठ क्षणभर थांबली. तिला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की पोराला कळलंच नाही. मी बांधावर बसून छत्रीचा दांडा उगाच फिरवत होतो. डोळे भरून आले होते, आणि तिथून उठताही येत नव्हतं.

"रोव," ती एवढंच म्हणाली.

थोडं मागे सरकल्यावर तिनं सांगितलं. नळ्या नको, काच नको, नागपूर नको. माही बाज दाराशी लाव. दार उघडं ठेव, थंडी असो का पाणी. भोंग्यावर 'दुःखद निधन' म्हनाचं नाही. फोटो हासतानाचाच लावजो. तोंडात तुळशीचं पान घाला, नाही म्हनत नाही, पन उशाशी एक खर्रा पाहिजे, कमी चुन्याचा. प्रत्येक गोष्टीला प्रशांत खाली बघून 'हां' म्हणत होता, आणि प्रत्येक 'हां'ला एक रोप लावत होता. अखेरीस ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, पुढे पाहिलं आणि मोठ्यानं हसली. "तुही ओळ पाह्य रे! सापावानी जाऊन राहिली!" प्रशांतनं मान वर केली. तोंडावर चिखल होता, आणि तोही रडता रडता हसायला लागला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया अचानक 'भेटल्या'. त्यांनी बाकीची बांधी सरळ रोवली, पण प्रशांतची वाकडी ओळ मोठीमायनं कोणाला हात लावू दिली नाही. कापणीपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायची. "हे पुन्याचं धान."

पुढच्या हिवाळ्यात तिच्या अंगावरून वारं गेलं. एक बाजू लुळी पडली, बोलणं अर्धं झालं. प्रशांत आला. तुमसरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नागपूरला नेऊ शकता, पण फरक पडेलच असं म्हणता येत नाही. प्रशांतनं गाडी घराकडे वळवली. गावात कुजबूज झालीच. पुण्याची नोकरी, आणि मायला घरी टाकलं, असं एक लांबचे मामा त्याच्या तोंडावर बोलले. प्रशांत त्यांना म्हणाला, "मामा, तिनं मला सांगितलंय. तुम्हाला ऐकायचं असेल तर बसा, शेंगा सोला." मामा बसले नाहीत.

मी भेटायला गेलो ती दुपार होती. बाज मागच्या दाराशी लावलेली, दार सताड उघडं, बाहेर कापून गेलेल्या बांध्यांमध्ये पिवळी धसं. थंडी चांगलीच होती. मोठीमाय दोन गोधड्यांखाली दाराकडे तोंड करून पडली होती, आणि बाजेशेजारी पाटावर प्रशांत, तोही दाराकडे तोंड करून. त्याच्या पुढ्यात सुपात पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा होत्या. तो सोलत होता आणि समोर बघत काहीतरी बोलत होता, कंपनीतलं, मुलांचं. ती ऐकत होती. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. मला एकदम ती पावसाळ्यातली बांधी आठवली.

मला बघून तिच्या तोंडाचा चालता भाग हसला. "इमाभाऊ. मी... काय झाल्यावर... काय म्हनसीन?"

माझ्या तोंडातून सवयीनं निघालं, "देव न करो, काही ब..."

तिनं चांगल्या हातानं सुपातली शेंग उचलली आणि मला फेकून मारली. नेम अजून शाबूत होता. शेंग कपाळावर बसली.

"मेली म्हणीन," मी म्हणालो. "मोठीमाय, तू मेलीस की मेली म्हणीन."

"हां," ती म्हणाली, आणि परत दाराकडे बघायला लागली. प्रशांत सोलत राहिला. निघताना मी वळून पाहिलं, तेव्हाही त्या दोघांच्या पाठीच मला दिसल्या.

चार-सहा दिवसांनी सकाळी त्याचा फोन आला. मी गाडीवर होतो, रस्त्याच्या कडेला थांबलो.

"भाऊ, माय मेली," तो म्हणाला. आवाज भरलेला होता, पण शब्द सरळ होता. "दार उघडं होतं."

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

"अन भाऊ," तो म्हणाला, "येताना चौकातून एक खर्रा घेऊन याल? कमी चुन्याचा."

मी खर्रा खात नाही. तरी चौकात थांबून दोन घेतले.